स्पॅनिश शिकायला स्पेनला जाताना: तिशी-चाळिशीतल्या विद्यार्थ्यांसाठी

वयाच्या तिशीत, चाळिशीत किंवा निवृत्तीनंतर परदेशी जाऊन भाषा शिकायची, तर वेळ आणि पैसा दोन्ही मोजके असतात. कॉलेजच्या मुलाचं वर्ष इकडेतिकडे गेलं तर चालतं. बिनपगारी रजा काढून गेलेल्या माणसाला प्रत्येक आठवड्याचा हिशोब लागतो. हा लेख स्पेनमधलं सालामांका शहर डोळ्यासमोर ठेवून लिहिला आहे, पण यातलं बरंचसं ग्रानादा, सेविया किंवा माद्रिदलाही लागू पडेल. सगळ्यात महत्त्वाचा सल्ला सुरुवातीलाच: शून्यातून सुरुवात करायला तिकडे जाऊ नका. पाया इथेच घाला आणि तिकडचे महागडे आठवडे बोलण्यासाठी राखून ठेवा.

आधी घरी ए२

युरोपात भाषेच्या पातळ्या ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२ अशा सहा मानतात. कोरी पाटी घेऊन गेलेला विद्यार्थी पहिले चार ते सहा आठवडे आकडे, वार, नातीगोती आणि वर्तमानकाळ यांतच घालवतो. हे सगळं पुण्यात, मुंबईत किंवा ऑनलाइन कितीतरी कमी खर्चात होतं. खरं नुकसान मात्र वर्गाबाहेर होतं. दुकानात, बसमध्ये, घरमालकिणीशी एक वाक्यही धड बोलता येत नसेल, तर दिवसाचे उरलेले बारा तास वाया जातात आणि नाइलाजाने इंग्रजीच सुरू होते.

नोकरी सांभाळून आठवड्याला चार-पाच तास दिले, तर ए२ पूर्ण व्हायला साधारण आठ-नऊ महिने लागतात. इन्स्टितुतो सेर्वान्तेस ही स्पेन सरकारची १९९१ मध्ये स्थापन झालेली भाषासंस्था आहे. तिचं केंद्र दिल्लीत आहे आणि ते ऑनलाइन वर्गही घेतं. शहरातल्या खाजगी वर्गाला जात असाल तर शिक्षक वर्गात स्पॅनिश किती बोलतात एवढं पाहा. तासभर इंग्रजीतून व्याकरण समजावणारा वर्ग परीक्षेला उपयोगी पडेल, सालामांकाच्या बाजारात नाही.

तयारी झाली की नाही, हे पाहण्याची साधी कसोटी अशी. काल दिवसभरात काय केलं ते न थांबता तीन मिनिटं भूतकाळात सांगता येतं का? किंमत ऐकून ती पहिल्या झटक्यात कळते का? 'मला हे समजलं नाही, जरा हळू सांगाल का' हे विचार न करता तोंडातून निघतं का? तिन्हींचं उत्तर हो असेल तर तिकीट काढा.

मराठीचा फायदा घ्या

आपल्यापैकी बहुतेकजण स्पॅनिश इंग्रजीतून शिकतात आणि तिथेच अडकतात. इंग्रजी पुस्तकं ज्या गोष्टी अवघड म्हणून पानंच्या पानं समजावतात, त्यांतल्या कितीतरी आपण रोज बोलतो.

'मे गुस्तान लोस लिब्रोस' हे वाक्य घ्या. इंग्रजीच्या विद्यार्थ्याला ते उलटं वाटतं. आपलं 'मला पुस्तकं आवडतात' अगदी याच बांधणीचं आहे. आवडणाऱ्याला 'मला' आणि क्रियापद पुस्तकांप्रमाणे अनेकवचनी. 'मला कॉफी आवडते' म्हणजे 'मे गुस्ता एल काफे'. इथे 'गुस्ता' आणि वर 'गुस्तान' का, हे मराठी माणसाला समजावून सांगावंच लागत नाही.

दुसरं उदाहरण 'आ' या शब्दयोगीचं. 'बेओ ला कासा' म्हणजे 'मी घर बघतो', पण 'बेओ आ पेद्रो' म्हणजे 'मी पेद्रोला बघतो'. माणूस असेल तर 'ला' लागतो आणि वस्तू असेल तर लागत नाही, ही सवय आपल्या जिभेवर आधीच आहे. दोन भूतकाळांचंही तसंच. 'कोमी' म्हणजे 'जेवलो', एकदा घडलं आणि संपलं. 'कोमीया' म्हणजे 'जेवायचो', पूर्वी घडत असे. 'लहानपणी आम्ही गच्चीवर झोपायचो' अशी वाक्यं मनात आणून सराव केला तर हा भाग आठवड्याभरात पक्का होतो.

विद्यार्थी सर्वांत घाबरतात ते सुबखुन्तिवो या क्रियापदरूपाला. 'किएरो के बेंगास' म्हणजे 'तू यावंस अशी माझी इच्छा आहे'. इच्छा, शंका, गरज असली की 'यावं, करावं, पडावा' ही रूपं आपण वापरतोच, तिथून सुरुवात करा. मात्र हे साम्य शेवटपर्यंत टिकत नाही. 'तू पोचलास की फोन कर' या वाक्यात मराठीत 'वा' येत नाही, स्पॅनिशला मात्र इथेही तेच रूप लागतं. अशा जागा वेगळ्या लिहून ठेवा.

मराठीची मदत न होणारी मोठी जागा म्हणजे 'सेर' आणि 'एस्तार'. दोघांनाही आपल्याकडे 'आहे' हा एकच शब्द. 'उंच आहे' ला सेर, 'सूप थंड आहे' ला एस्तार इतपत नियम लगेच बसतो. पण 'पार्टी माझ्या घरी आहे' इथे जागा असूनही सेर येतं, कारण तो कार्यक्रम आहे. वही जवळ ठेवून पूर्ण वाक्यंच पाठ करणं हाच यावर उपाय.

लिंगाची कल्पना आपल्याला नवी नाही, पण मराठीतलं लिंग तिकडे नेऊ नका. प्रत्येक नाम 'एल' किंवा 'ला' लावूनच पाठ करा. 'एल प्रोब्लेमा', 'एल मापा', 'एल दीया' हे पुल्लिंगी आणि 'ला मानो' म्हणजे हात हा स्त्रीलिंगी, अशी फसवी नामं सुरुवातीलाच भेटतात.

उच्चारांत त आणि द आपल्याकडे आहेत तसेच. इंग्रजी वाचायच्या सवयीने त्यांचे ट आणि ड होतात, तेवढं टाळा. प, त, क म्हणताना हवा सोडायची नाही, तेही आपल्याला जमतंच. कष्ट तीन ठिकाणी आहेत. लिहिताना ब आणि व वेगळे असले तरी बोलताना दोघांचा आवाज एकच असतो. 'खामोन' मधला ख घशातून घासत येतो, 'खडू' मधला ख तिथे चालत नाही. आणि स्पेनच्या बहुतेक भागांत 'ग्रासियास' मधला स जीभ दातांत धरून, फुंकर घातल्यासारखा काढतात. आपला थ त्याच्या जवळचा वाटला तरी तो नाही. शिवाय 'पेरो' म्हणजे पण आणि 'पेर्रो' म्हणजे कुत्रा, तेव्हा र्र नीट घोळवा.

गोव्यात ज्यांच्या घरी पोर्तुगीज आहे त्यांना वाचलेलं स्पॅनिश झपाट्याने कळतं आणि पातळीची चाचणी त्यांना थेट वरच्या वर्गात ढकलते. बोलताना मात्र दोन्ही भाषांची खिचडी होते. त्यांनी शाळेला हे आधीच कळवावं आणि तोंडी चाचणीवर वर्ग ठरवायला सांगावं.

सालामांकाच का

दीड लाखाच्या आसपास वस्तीचं हे शहर पायी फिरता येतं. विद्यापीठ १२१८ सालचं, आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठी तिथे १९२९ पासून स्पॅनिशचे वर्ग चालतात. त्यामुळे अडखळत बोलणाऱ्या परक्या माणसाची इथल्या दुकानदाराला सवय आहे. इथले उच्चार स्वच्छ आणि पुस्तकातल्यासारखे असतात. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा शून्याखाली जातो, म्हणून जाड कोट आणि पाणी आत न शिरणारे बूट लागतात. माद्रिदहून बसने अडीच ते तीन तास, जलद रेल्वेने त्याहून कमी.

एक उणीवही आहे. जून-जुलैत अमेरिकन विद्यार्थ्यांचे गट येतात आणि संध्याकाळी गल्ल्यांत इंग्रजी ऐकू येते. सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी ते मे हे महिने बरे.

सेविया, ग्रानादा, मालागा इथे हवा उबदार आणि माणसं बोलकी, पण शब्दाच्या शेवटचा स गिळतात, त्यामुळे सुरुवातीला ऐकणं जड जातं. सेवियात जुलै-ऑगस्टला चाळीस अंशांच्या वर तापतं. बार्सेलोना सुंदर आहे, पण रस्त्यावर कातालान ही तिथली वेगळी भाषाही भरपूर ऐकू येते. बी१ च्या आतल्या माणसाने ते टाळावं. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना मेक्सिको जवळ पडतं. अमेरिकेचा वैध व्हिसा असलेल्या भारतीय पासपोर्टधारकाला पर्यटक म्हणून मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. फक्त तिथे 'बोसोत्रोस' हे 'तुम्ही लोक' चं रूप वापरत नाहीत, हे पुस्तक निवडताना ध्यानात ठेवा.

शाळेला विचारायचे प्रश्न

सेर्वान्तेसची मान्यता असलेलीच शाळा निवडा. त्यांची यादी संस्थेच्या संकेतस्थळावर आहे, आणि व्हिसाच्या कागदांतही ही मान्यता कामी येते. मग जाहिरातीपलीकडचं विचारा.

'आठवड्याला २० तास' म्हणजे नेमकं काय? बहुतेक ठिकाणी ते तास नसून तासिका असतात, आणि एक तासिका ४५, ५० किंवा ५५ मिनिटांची असू शकते. बारा आठवड्यांत ४५ आणि ५५ मिनिटांमधला फरक पूर्ण ४० तासांचा होतो. दोन शाळांची फी तोलताना मिनिटांचा भाव काढा.

वर्गात जास्तीत जास्त किती जण? आठ चांगले, बारा ही मर्यादा. आणि उलट बाजूने, माझ्या पातळीला एकच विद्यार्थी निघाला तर काय? अनेक शाळा अशा वेळी तासिका निम्म्या करतात आणि तो एकास एक वर्ग असल्याचं सांगतात. हे नियमांत बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. वाईट नसतं, पण आधी माहीत हवं.

सुट्ट्यांच्या तासिका भरून देता का? बहुधा नाही. ६ आणि ८ डिसेंबर या दोन सुट्ट्या आठवड्यात पडल्या की तो आठवडा जवळजवळ गेलाच. सालामांकात १२ जून आणि ८ सप्टेंबर या स्थानिक सुट्ट्याही आहेत. कोर्सची तारीख कॅलेंडर समोर ठेवून घ्या.

व्हिसा नाकारला तर किती पैसे परत? नकाराचं मूळ पत्र पाठवल्यावर फी परत, नोंदणीशुल्क नाही, अशी पद्धत रूढ आहे. हे लेखी घ्या. आणि एवढं सांगूनही शून्यापासून सुरू करणार असाल तर नवशिक्यांच्या तारखा विचारा, कारण ते वर्ग दर सोमवारी सुरू होत नाहीत.

या आकाराच्या शहरात २० तासिकांच्या गटवर्गाला आठवड्याला साधारण १८० ते २५० युरो पडतात. आठवडे वाढले की दर उतरतो.

व्हिसा: दिवस मोजून रस्ता ठरवा

कोर्स ९० दिवसांच्या आत बसत असेल तर शेंगेनचा, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचा, अल्पमुदतीचा व्हिसा पुरतो. प्रौढ नोकरदारासाठी हाच सोपा रस्ता. फी ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोंचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. बारा आठवडे म्हणजे ८४ दिवस, त्यामुळे मागेपुढे सहाच दिवस उरतात. येण्याचा आणि निघण्याचा दिवस दोन्ही धरले जातात, आणि शेंगेनमधल्या सगळ्या देशांचे दिवस एकत्र मोजतात. शनिवार-रविवार पोर्तुगालला गेलात म्हणून मोजणी थांबत नाही.

या व्हिसात अर्ज अडतो तो बहुतेकदा एकाच शंकेवर: चाळिशीतला माणूस नोकरी सोडून तीन महिने भाषा शिकायला का चालला, आणि तो परत येईल का? तेव्हा सोबतच्या पत्रात हे सरळ लिहा. भाषा कशासाठी हवी, इथे आतापर्यंत किती शिकलात त्याचं प्रमाणपत्र, कंपनीचं रजा मंजूर केल्याचं पत्र आणि त्यावर पुन्हा रुजू होण्याची तारीख. घरी केलेलं ए२ इथे दुसऱ्यांदा उपयोगी पडतं. बँकेच्या खात्यात अर्जाच्या आठवड्यात एकदम मोठी रक्कम भरू नका. तपासणाऱ्याच्या नजरेत पहिली तीच येते. पैसे मुलाकडून किंवा एफडी मोडून आले असतील तर त्याचा कागद जोडा.

९० दिवसांच्या पुढे गेलात की विद्यार्थी व्हिसा लागतो आणि कागद वाढतात. आठवड्याला किमान २० तासांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम, स्पेनमध्ये चालणारा आणि खिशातून काही भरावं न लागणारा आरोग्यविमा, आणि दरमहा खर्चाची सोय. ही रक्कम इप्रेम या सरकारी निर्देशांकावर ठरते आणि तो २०२३ पासून महिना ६०० युरो आहे. १८० दिवसांहून जास्त राहायचं असेल तर पोलीस पडताळणीचा दाखला आणि वैद्यकीय दाखलाही लागतो. भारतीय दाखल्यांवर आधी परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मारलेला शिक्का, मग शपथबद्ध अनुवादकाकडून स्पॅनिश भाषांतर, हा क्रम उलटा करू नका. आधी भाषांतर करून घेतलं तर अपोस्टिलचा शिक्का भाषांतराशिवाय राहतो आणि काम दोनदा करावं लागतं. या सगळ्याला तीन ते चार महिने हाताशी ठेवा. छोट्या व्हिसावर जाऊन तिथेच वाढवून घेऊ, या भरवशावर राहू नका.

सहा महिन्यांहून अधिक मुदतीचा व्हिसा असेल तर स्पेनला पोचल्यापासून महिन्याच्या आत ओळखपत्र, म्हणजे टीआयई, काढायला सुरुवात करायची असते.

१. महानगरपालिकेत पत्त्याची नोंद करा. तिला एम्पाद्रोनामिएन्तो म्हणतात. घराचा करार किंवा घरमालकाची सही लागते, म्हणून खोली घेण्याआधीच 'इथे नोंद करू द्याल ना' हे विचारून घ्या. काही मालक नाही म्हणतात आणि मग सगळंच अडतं.
२. पोलिसांच्या संकेतस्थळावर बोटांच्या ठशांची वेळ घ्या. पोचल्या दिवशीच बघायला लागा, मोठ्या शहरांत वेळा लगेच संपतात.
३. ईएक्स-१७ हा अर्ज भरा आणि ७९० क्रमांकाच्या फॉर्मवर, ०१२ हा संकेत घालून, बँकेत शुल्क भरा.
४. पासपोर्ट, व्हिसा, फोटो, पत्त्याचा दाखला आणि सगळ्याच्या झेरॉक्स घेऊन जा. कार्ड साधारण महिन्याभराने मिळतं, तोवर पावती जपून ठेवा.

इथल्या नोकरीचं काम तिकडून ऑनलाइन करायचा विचार असेल तर सोडून द्या. व्हिसा त्यासाठी नसतो हे तर आहेच, शिवाय सकाळी ९ ते १ चा वर्ग उन्हाळ्यात आपल्याकडच्या दुपारी १२:३० ते ४:३० ला येतो, म्हणजे ऐन ऑफिसात. हिवाळ्यात तो आणखी तासभर पुढे सरकतो. दोन्हींत लक्ष राहत नाही.

कुठे राहायचं

पहिले तीन-चार आठवडे स्थानिक कुटुंबात राहा. आपल्या वयाला दुसऱ्याच्या घरात पाहुणा म्हणून राहणं अवघड वाटतं, पण जेवणाच्या टेबलावरचा एक तास वर्गाच्या चार तासांइतका उपयोगी असतो. शाळेला विचारा: घरी आणखी किती विद्यार्थी आहेत, घरातली मंडळी सोबत जेवतात की ताट वाढून ठेवतात, स्वयंपाकघर वापरता येतं का, हीटर किती वाजता बंद होतो. घरात दुसरा इंग्रजी बोलणारा विद्यार्थी असेल तर दुसरं घर मागा. अंघोळीला पाच मिनिटांहून जास्त वेळ घेऊ नका. गरम पाण्याची टाकी छोटी असते आणि शेवटी अंघोळ करणाऱ्याच्या वाट्याला थंड पाणी येतं. घरांतल्या बहुतेक कुरबुरी यावरूनच सुरू होतात.

मग वाटल्यास स्पॅनिश विद्यार्थ्यांसोबत फ्लॅटमधली खोली घ्या. सालामांकात महिना २५० ते ४०० युरोंच्या आसपास, आणि एक महिन्याचं डिपॉझिट. घर न पाहता पैसे पाठवू नका. 'मी परदेशात आहे, डिपॉझिट भरा, किल्ल्या कुरिअरने पाठवतो' असं सांगणारा मालक भेटला तर ती फसवणूकच समजा. चार भारतीयांनी मिळून फ्लॅट घेण्याचा मोह होतो. पोटाची सोय होते, भाषेची नाही.

जेवण

दुपारचं जेवण दोन-अडीचला, रात्रीचं नऊनंतर. ज्यांना साडेआठला जेवून गोळी घ्यायची असते त्यांनी हे डॉक्टरांशी बोलून आधीच बसवून घ्यावं.

शाकाहारी मंडळींनी नुसतं 'सोय बेखेतारियानो' म्हणून थांबू नये. सॅलडमध्ये ट्यूना येतो, मसूर चोरिसो, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, घालून शिजवतात, पालेभाजीत हॅमचे तुकडे असतात. पूर्ण वाक्य पाठ करा: 'नो कोमो कार्ने, नी पेस्कादो, नी खामोन, नी काल्दो दे कार्ने', म्हणजे मांस, मासे, हॅम आणि मांसाचं पाणी यांतलं काही चालत नाही. अंडं चालत नसेल तर 'नी उएवो' जोडा, कारण तोर्तिया म्हणजे बटाटा घातलेलं जाड आम्लेट. गोड खातानाही 'मान्तेका' या शब्दावर लक्ष ठेवा. ती डुकराची चरबी, आणि नाताळच्या बिस्किटांत हमखास असते. सालामांकाचा प्रसिद्ध ओर्नासो बाहेरून पावासारखा दिसतो, आत डुकराचं मांस आणि चोरिसो असतं. पाद्रोनच्या तळलेल्या मिरच्या, पातातास ब्रावास म्हणजे तिखट सॉस घातलेले तळलेले बटाटे, चणे घातलेला पालक हे बिनधास्त मागवा, फक्त 'सिन खामोन' म्हणायला विसरू नका.

सामानात तूप, पेढे, खवा, ताजा कढीपत्ता नेऊ नका. युरोपीय संघात प्रवाशांनी बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे आणि ताज्या पाल्याला रोपतपासणीचा दाखला लागतो. हिंग, गोडा मसाला, मेतकूट चालतं. मसूर आणि काबुली चणे तिथल्या कुठल्याही सुपरमार्केटात मिळतात. तूरडाळ हवी असेल तर माद्रिदच्या लावापिएस भागात शोधा.

पहिला सोमवार

सकाळी लेखी आणि तोंडी चाचणी होते आणि वर्ग ठरतो. आपल्याकडून गेलेल्यांचं व्याकरण कागदावर चांगलं असतं आणि बोलणं दोन पायऱ्या खाली. म्हणून ते वरच्या वर्गात जाऊन पडतात आणि गप्प बसतात. पहिल्या दोन दिवसांत अंदाज घ्या. शिक्षक बोलतात ते निम्म्याहून कमी कळत असेल तर खाली जा. सगळं कळतंय आणि उत्तरंही विचार न करता येत आहेत, तर वर. बहुतेक कळतंय पण बोलताना अडखळायला होतंय, हीच योग्य जागा. वर्ग बदलायला बुधवारच्या आत सांगा, नंतर गट पक्के होतात.

शिक्षकांना नावाने हाक मारायची आणि 'तू' म्हणायचं. सर-मॅडमची सवय असलेल्याला हे पहिले काही दिवस जड जातं, पण 'उस्तेद', म्हणजे आदराचं 'तुम्ही', लावून बोललात तर समोरचा अवघडतो. कचेरीत, डॉक्टरांशी, वयस्कर अनोळखी माणसाशी मात्र उस्तेदच.

प्रौढ विद्यार्थी फळ्यावरचं सगळं उतरवून घेतात आणि त्या नादात बोलायची पाळी हुकते. रोज दहाच वाक्यं लिहा, तीही संध्याकाळी कुठे वापरता येतील अशी. आणि शिक्षकांना पहिल्याच दिवशी सांगा की चुकलो की तिथेच दुरुस्त करा. वयाने मोठ्या विद्यार्थ्याला टोकायला तरुण शिक्षक कचरतात.

दुपार आणि संध्याकाळ

वर्ग एक वाजता सुटतो. भाषा खरी रुळते ती यानंतरच्या तासांत, आणि बहुतेकांचे हेच तास फोनवर जातात.

रोज त्याच दुकानात, त्याच कॅफेत जा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मालक चौकशी करू लागतो. मायोर या शहराच्या मुख्य चौकाला लागून असलेल्या मध्यवर्ती बाजारात भाजीच्या ठेल्यापुढे रांग दिसत नाही, माणसं नुसती उभी असतात. आल्या आल्या 'किएन एस एल उल्तिमो?', म्हणजे शेवटचं कोण, असं मोठ्याने विचारायचं. कोणीतरी हात वर करतं, त्याच्यानंतर तुम्ही. मग तुमच्यानंतर आलेल्याला तुम्ही हात दाखवायचा. हे न विचारता पुढे झालात तर लोक नाराज होतात, आणि विचारलंत तर शेजारची बाई बहुतेक वेळा बोलायला सुरुवात करते. टोमॅटो आज सॅलडला हवेत की शिजवायला, हे दुकानदार विचारतो. स्वतः हात लावून निवडायचे नाहीत, त्याला सांगायचं.

इंतेरकांबियो म्हणजे भाषेची अदलाबदल. तुम्ही त्याला इंग्रजी द्यायची, तो तुम्हाला स्पॅनिश. भेटायची ठरलेली जागा मायोर चौकातल्या घड्याळाखाली. अर्धा तास एक भाषा, अर्धा तास दुसरी, आणि फोनवर गजर लावून. गजर नसेल तर ज्याची भाषा जास्त पक्की तीच चालू राहते, आणि ती बहुधा तुमची इंग्रजी असते. आठवड्याला दोन जोडीदार पुरेत, एक तरुण आणि जमलं तर एक निवृत्त माणूस. वयस्कर माणसं सावकाश बोलतात आणि त्यांना वेळ असतो.

कोणी इंग्रजीत उत्तर दिलं तर खट्टू होऊ नका. 'एस्तोय आप्रेंदिएन्दो, पोदेमोस सेगिर एन एस्पान्योल?' म्हणा, म्हणजे मी शिकतोय, स्पॅनिशमध्येच बोलूया का. बहुतेकजण आनंदाने वळतात. पावसाळी दुपारी शिंपल्यांच्या नक्षीच्या कासा दे लास कोंचास या जुन्या वाड्यात सार्वजनिक वाचनालय आहे, तिथे रोजचं वर्तमानपत्र वाचत बसता येतं. घरी टीव्ही पाहताना उपशीर्षकं स्पॅनिशच ठेवा. इंग्रजी लावली की कान बंद होतात.

तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास गाडी अडते. संध्याकाळी डोकं दुखतं, आधी येत असलेली वाक्यंही सुचत नाहीत, आपण मागे जातोय असं वाटतं. डोकं दिवसभर परक्या भाषेत चालवल्याचा हा थकवा आहे. या आठवड्यात जास्तीचे वर्ग घेऊ नका. झोप वाढवा, एक दिवस मराठीत गप्पा मारा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बाजारात जा. परत यायचा विचार करणारे बहुतेक याच दिवसांत करतात.

परीक्षा आणि परतीचे कागद

देले हे सेर्वान्तेसचं प्रमाणपत्र कायमचं असतं. सिएले ही दुसरी परीक्षा संगणकावर होते, निकाल लवकर लागतो, पण पाच वर्षंच चालते. पुण्यातल्या स्पॅनिश लागणाऱ्या नोकरीसाठी द्यायची तर आधी कंपनीला कोणतं चालतं ते विचारा. देलेच्या ए१ ते बी२ पातळ्यांत दोन गट असतात. लेखी गटात ५० पैकी ३० आणि ऐकण्या-बोलण्याच्या गटातही ५० पैकी ३० लागतात. एकात ४५ आणि दुसऱ्यात २८ असतील तर नापास. नोंदणी परीक्षेच्या दीड-दोन महिने आधी बंद होते, म्हणजे बारा आठवड्यांच्या कोर्ससाठी पोचल्यावर लगेच, किंवा निघण्याआधीच अर्ज भरावा लागतो. ए२ ने सुरुवात करून बारा आठवड्यांत बी१ ची परीक्षा रास्त आहे. बी२ चा अट्टहास या मुदतीत करू नका.

शाळेकडून शेवटच्या शुक्रवारी प्रमाणपत्र घेताना त्यावर तासिकांची संख्या, एका तासिकेची मिनिटं, गाठलेली पातळी आणि हजेरीची टक्केवारी छापली आहे का पाहा. पुढच्या व्हिसाला आणि इथल्या वरच्या वर्गाच्या प्रवेशाला हेच आकडे मागतात, आणि नंतर ईमेलवरून दुरुस्ती करून घ्यायला आठवडे जातात. त्याच आठवड्यात एका इंतेरकांबियो जोडीदाराशी घरून बोलायचा वार आणि वेळ ठरवून टाका. त्यांच्याकडे संध्याकाळचे पाच म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात साडेआठ आणि हिवाळ्यात साडेनऊ, दोन्ही घरांना सोयीची वेळ.